खंडारे बाईंची रिकामी जागा

"ह्या बाईनं गोडाऊनात माल कमी अन् हवाच जास्त भरून ठेवली," गंगाधरभाऊ म्हणाला.

तो डेपोतल्या हमालांचा मुकादम. शेडच्या पायरीवर बसून शेजारच्या हमालाला तो हे हळू आवाजात सांगत होता, पण पत्र्याच्या शेडमध्ये हळू बोललेलंच जास्त ऐकू येतं. आतून लगेच उत्तर आलं.

"गंगाधर, त्याच हवेच्या भरवशावर तू रोज संध्याकाळी घरी जातं. उठ आता, टेम्पो लाव."

आवाजात राग नव्हता. गंगाधरभाऊही हसतच उठला. मी दारात टिफिनची पिशवी घेऊन उभी होते. नोकरीचा पहिला दिवस. आधी कुणाला नमस्कार करावा ते ठरेना, म्हणून मी कुणालाच केला नाही. मग आतून त्या आल्या. ठेंगण्या, जाड काचांचा चष्मा, अंगावर धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी आणि साडीखाली काळे गमबूट. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाल्या, "तू अमरावतीची ना? मोबाईल बंद करून त्या डब्यात ठेव. चहा झाला का?"

त्या खंडारे बाई. डेपोच्या इन्चार्ज. हमाल त्यांना बाई म्हणत, मालक मॅडम म्हणत. मी तोंडाने मॅडम म्हणायचे आणि मनात बाई.

डेपो अकोल्याच्या एमआयडीसीत आहे. गुजरातेतून ॲसिडचे मोठाले प्लॅस्टिकचे कॅन, कॉस्टिकची पोती, पेरॉक्साईड आणि ब्लिचिंग पावडरचे ड्रम इथे येतात, थोडे दिवस थांबतात आणि पुढे जातात. तेलाच्या कारखान्यांना, दवाखान्यांचा कापूस तयार करणाऱ्यांना, साबणवाल्यांना. ब्लिचिंग पावडर तर तेल्हाऱ्याकडच्या ग्रामपंचायतींपर्यंत जाते, विहिरींत टाकायला. मी केमिस्ट्री शिकले होते, पण इंग्रजीतून, आणि फळ्यावर. ती सगळी नावं एका छपराखाली, ड्रमाला ड्रम लावून बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

शेड लांबलचक. डाव्या भिंतीशी ॲसिड, उजव्या भिंतीशी ब्लिचिंग पावडर; कॉस्टिक आणि पेरॉक्साईड मागच्या वेगवेगळ्या खोल्यांत. दोन्हीकडे सिमेंटचा बुटका बांध, बांधाच्या आत आपापली नाली, नालीच्या शेवटी आपापला खड्डा. आणि दोन बांधांच्या मध्ये काहीच नाही. पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली, रोज झाडलेली मोकळी जमीन, बैलगाडी आरामात वळेल एवढी. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन सुटतो, आणि शेडमध्ये कोंडलेल्या क्लोरीनपुढे माणूस फार लांब पळू शकत नाही. एवढं मलाही माहीत होतं. बाई मात्र ते फार वेगळं सांगत.

"ॲसिड काही वाईट नाही," त्या म्हणत. "आपल्या डब्यात गुपचूप बसलं आहे बिचारं. पावडरबी गुणाची, गावाचं पाणी साफ करते. एकटे एकटे दोघंबी चांगले. फक्त एकमेकाच्या अंगाले नाही लागू द्यायचे. दोन वावरांच्या मधात धुरा काहून असते? शेजारी वाईट आहे म्हून? नाही. उद्याबी शेजारीच राहायचं आहे म्हून."

सिमेंटच्या त्या बांधाला त्या धुराच म्हणत. दर्यापूरच्या अलीकडच्या एका खेड्यात, काळ्या मातीत त्यांचं बालपण गेलं होतं. खंडाऱ्यांच्या घरातल्या त्या पहिल्या बीएस्सी. हे त्या वारंवार सांगत आणि सांगताना जराही संकोचत नसत. नवा ड्रायव्हर आला तरी सांगत. एकदा वीजमीटर पाहायला आलेल्या माणसालाही सांगितलं. तो "हाव का, छान" म्हणून मीटर पाहू लागला, तर बाईंनी विषय तिथेच सोडला नाही, त्याची मुलगी काय शिकते ते विचारून घेतलं.

अंतर ठेवण्याची सवय त्यांच्या हाडात मुरलेली होती. डब्यात ठेच्याला स्वतंत्र वाटी, भाकरीला स्वतंत्र फडकं. टेबलावर पाण्याचा ग्लास आणि कागद यांच्यामध्ये वीतभर जागा. जेवताना त्या आणि मी एकाच टेबलाशी बसायचो, पण आमच्या दोघींमध्ये एक खुर्ची रिकामी असे. शेजारी कुणी अगदी खेटून बसलं की माझा घास अडतो, हे त्यांनी केव्हातरी पाहिलं असावं. मला त्याबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नाही. त्या खुर्चीवर गंगाधरभाऊ टेकायला आला की मात्र म्हणत, "तिथं नको, इकडं ये."

मी बोलत नव्हते ही सगळ्या डेपोची करमणूक होती. माझ्या शाळेत मराठी बोललं की दंड होता, आणि घरी आईला आमचं वऱ्हाडी चालत नसे. त्यामुळे माझं मराठी इस्त्री केलेल्या कपड्यासारखं. मी तोंड उघडलं की हमाल आदराने गप्प होत, आणि तो आदर मला नको असे. म्हणून मी "हो मॅडम", "नाही मॅडम" यांवर दिवस काढायचे.

"ही पोट्टी मुकी आहे का वो बाई?" गंगाधरभाऊने एकदा माझ्यासमोरच विचारलं.

"मुकी नाही. झाकण घट्ट आहे तिचं," बाई म्हणाल्या. "चांगल्या मालाचं असतेच. तुझ्यासारखं सांडत फिरत नाही."

गुजरातेकडून येणारे ड्रायव्हर बाईंना ओळखून असत. गाडी फाटकातून आत आली की बाई स्वतः समोर जात, चाकांखाली लाकडी ठोकळे लावून घेत आणि ड्रायव्हरपुढे हात पसरत. किल्ली. ती त्यांच्या टिफिनच्या पिशवीत जाई. माल उतरला, ड्रायव्हर जेवला, झोपला, उठून तोंड धुऊन आला की मग किल्ली बाहेर निघे. एका नव्या ड्रायव्हरला हे माहीत नव्हतं.

"मॅडम, चाबी दे दो. शाम तक खामगाव से वापसी का माल उठाना है."

"तो जाओ ना," बाई म्हणाल्या. "कौन रोक रहा है? गाडी छोड के जाओ."

"गाडी छोड के कैसे जाऊँ?"

"तो फिर सो जाओ. आँखें देखो अपनी, मिरची जैसी लाल है."

तो बराच वेळ फाटकाशी येरझारा घालत राहिला, मालकाला फोन लावतो म्हणाला, लावलाही. शेवटी निंबाखाली पंचा अंथरून आडवा झाला आणि क्षणात घोरायला लागला. उठला तेव्हा उन्हं उतरली होती. बाईंनी त्याच्यासाठी चहा ठेवला होता. चहा पिता पिता तो म्हणाला, "मॅडम, घर पे भी ऐसा ही करते हो क्या?"

"घर पे साहेब के पास स्कूटर है," बाई म्हणाल्या. "उसकी चाबी भी मेरे ही पास है."

हे खरं नसावं, कारण साहेब, म्हणजे त्यांचे शिक्षक यजमान, रोज संध्याकाळी त्याच स्कूटरवरून त्यांना न्यायला येत. फाटकाच्या आत मात्र त्यांना स्कूटर आणायची परवानगी नव्हती. ते बाहेर रस्त्यावर पेपर वाचत उभे राहत.

बाईंच्या भाचीचं लग्न अमरावतीत होतं. "तुझंच गाव आहे, ये," म्हणाल्या, म्हणून मी गेले. विधी आटोपले, जेवणाची वेळ झाली आणि मी पाहिलं, तर हॉलच्या दाराशी कमरेवर हात ठेवून बाई उभ्या, जणू ट्रकमधून माल उतरत असावा. कोणता मामा कोणत्या टेबलाशी, कोणती आत्या पंख्याखाली, हे सगळं त्यांच्या डोळ्यांच्या इशाऱ्यावर चाललेलं. नांदगाव खंडेश्वरहून आलेले दोन चुलतभाऊ होते. त्यांचं एका विहिरीवरून बिनसलेलं होतं आणि पाहुण्यांमध्ये त्याचीच कुजबूज होती.

"अक्का, दोघांले जवळ जवळ बसव ना," बाईंची धाकटी बहीण म्हणाली. "या निमित्तानं बोलतील तरी."

"आज ते बोलाले नाही आले, जेवाले आले. मधात मामीले बसव. तिले आयकू येत नाही, अन् तिले वाढायले दोघांलेबी आवडते."

तसंच झालं. म्हाताऱ्या मामी मध्ये बसल्या, डावीकडचा त्यांच्या ताटात भजी वाढवून घ्यायचा, उजवीकडचा बुंदी. मी माझ्या ताटाशी बसून त्या तिघांकडे पाहत होते. मला वाटत होतं, हात धुताना तरी ते एकमेकांशी काही बोलतील. नाही बोलले. एक पुढच्या दाराने गेला, एक मागच्या.

"बोलले नाहीत," मी बाईंना म्हणाले. एवढं माझ्या तोंडून आपणहून निघालं याचं मलाच नवल वाटलं.

"पोटभर जेवले ना पण," बाई म्हणाल्या. "भाचीच्या लग्नात भांडण नाही झालं. आणखी काय पाहिजे?"

त्याच उन्हाळ्यात ॲसिडचा एक कॅन फुटला. गंगाधरभाऊ तो हातगाडीवरून उतरवत होता. गमबूट पायात गरम होतात म्हणून त्याने चपला घातल्या होत्या. कॅन बांधाच्या काठावर आपटला, तळाशी चिरला आणि उसळलेलं ॲसिड त्याच्या नडगीवर आलं. तो ओरडायच्या आत बाईंनी त्याच्या दंडाला धरून दाराजवळच्या नळाखाली नेलं होतं. त्याला स्टुलावर बसवून, त्याचा पाय धारेखाली धरून त्या स्वतः ओल्या फरशीवर बसल्या.

"पायाकडे नको पाहू. पोरीचं सांग. बारावीनंतर कुठं टाकतं तिले?"

"बाई, आग होऊन राहिली."

"होऊ दे. पाणी चालू आहे. कुठं टाकतं म्हणलं?"

"नर्सिंगले म्हणते ते."

"मंग नर्सिंगचं कॉलेज अकोल्यात पाह्यलं का अमरावतीत?"

असं किती तरी वेळ चाललं. बाईंनी त्याला त्या मुलीच्या मैत्रिणींची नावंसुद्धा विचारली. दवाखान्यात न्यायला गाडी दाराशी येऊन उभी होती, तरी पाणी पुरेसं झालं असं त्यांचं समाधान होईपर्यंत त्यांनी पाय सोडला नाही. मी नुसती भिंतीशी उभी होते. तिथून मला सगळी शेड दिसत होती. बरंचसं ॲसिड आपल्या नालीतून आपल्या खड्ड्यात गेलं होतं. जे बांधावरून बाहेर उडालं, ते मधल्या मोकळ्या जागेत पसरलं, थोडं फेसाळलं आणि तिथेच थांबलं. पलीकडे ब्लिचिंग पावडरचे ड्रम होते. मधली सगळी जमीन ओलांडून तिथवर जायला त्याच्यात बळ उरलं नाही.

बाईंनी चुना टाकून जागा धुऊन घेतली आणि सगळ्यांना हात धुऊन चहाला या म्हणाल्या. गंगाधरभाऊ बरा होऊन आला तो गमबूट घालून.

"बाई, तुमच्या हवेनं वाचवलं म्हणतेत सारे मले."

"तुले पाण्यानं वाचवलं. हवेनं बाकीच्यांले."

डेपोचे मालक आता थकले होते आणि त्यांचे चिरंजीव नीरज सर काम पाहू लागले होते. पुण्यात शिकून आलेले. वाईट नव्हते, कुणावर आवाज चढवत नसत, हमालांनाही तुम्ही म्हणत. पण शेडमध्ये आले की त्यांची नजर मधली मोकळी जागा सोडून दुसरीकडे कुठे जातच नसे.

"मॅडम, एवढी जागा वर्षभर अशीच रिकामी?"

"रिकामी नाही सर. काम करून राहिली ते."

दिवाळीनंतर सरकी गाळण्याचा हंगाम सुरू झाला आणि नीरज सरांच्या एका मित्राला सरकीची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, ठेवायला गोडाऊन मिळेना. नीरज सर बाईंच्या टेबलाशी येऊन बसले. मी पलीकडच्या टेबलावर लेबलं चिकटवत होते.

"ढेप आहे हो मॅडम. ढोरं खातात ती. केमिकल थोडीच आहे?"

"ढेप गरीबच आहे सर. पण तिच्यात तेल राह्यते. पावडर सांडली अन् ढेपेले लागली का ते आतल्या आत तापते. पेटली तं तुमी पाणी माराल. ते पाणी पावडर घेऊन वाहत वाहत ॲसिडाकडे जाईल. मंग या शेडीतून कोण निघते अन् कोण नाही, ते मी नाही सांगू शकत."

"थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. वरून ताडपत्री टाकू."

"मी हाव तोपर्यंत तं नाही."

नीरज सर हसले. "तोपर्यंतच ना," ते म्हणाले, आणि जाताना माझ्याकडे पाहून मान हलवली.

बाई डिसेंबरअखेर रिटायर होणार होत्या हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या जागी मी बसणार हेही. नीरज सरांनी मला एक-दोनदा इंग्रजीत सांगितलं होतं की तुम्ही प्रॅक्टिकल आहात, तुमच्याशी काम करणं सोपं जाईल. मी "येस सर" म्हणाले होते. ही नोकरी मला हवी होती. अमरावतीला घरी माझ्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. अकोल्यातली भाड्याची खोली, हा पगार आणि इन्चार्ज हा शब्द, एवढंच त्या स्थळांच्या आणि माझ्या मध्ये होतं. नीरज सरांचं ते बोलणं बाईंनी काचेपलीकडून पाहिलं होतं. मला वाटलं, आता त्या मला काहीतरी वचन मागतील. मी त्यासाठी उत्तरही जुळवून ठेवलं, अर्धं हो, अर्धं नाही, असं. त्यांनी मागितलंच नाही. पंप कुठला कधी अडतो, कोणत्या खड्ड्यात चुना लवकर संपतो, एवढंच दाखवत राहिल्या.

निरोपाचा कार्यक्रम दुपारी निंबाखाली झाला. खुर्च्या मांडल्या, समोसे आणले, शाल आणि फुलांचा गुच्छ आला. बाई त्या दिवशी जांभळ्या रंगाची, चमकणारी, सळसळती साडी नेसून आल्या होत्या. डेपोत त्यांना अशा साडीत कुणी पाहिलंच नव्हतं, कारण असल्या कापडातून ठिणगी उडू शकते म्हणून शेडमध्ये त्याला बंदी होती, आणि ती बंदी त्यांचीच. गंगाधरभाऊ भाषण करायला उभा राहिला, "आमच्या बाई" एवढं म्हणाला आणि बसला. मालक दोन शब्द बोलून घरी गेले. बाईंनी उत्तरात आपण घरातल्या पहिल्या बीएस्सी असल्याचं सांगितलं. सगळे हसले. त्यांचे यजमान आज पहिल्यांदाच फाटकाच्या आत आले होते, स्कूटर बाहेर ठेवून.

समोसे संपत आले तेव्हा एक ट्रक मागे मागे येत शेडच्या दाराशी लागला. फाळका पडला आणि ढेपेचा तेलकट, गोडसर वास निंबाखालपर्यंत आला.

नीरज सर उठले. "काही नाही, चालू द्या तुमचं," ते म्हणाले. "मधल्या जागेत ताडपत्री सकाळीच टाकून ठेवलीय. गंगाधरभाऊ, घ्या उतरवून."

आम्ही सगळे नकळत दाराशी गेलो. गंगाधरभाऊने पाठीवर पहिलं पोतं घेतलं, उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. सवयीने त्याने बाईंनाच विचारलं.

"बाई, कुठी ठेवू?"

"मले काहून इचारतं?" बाई म्हणाल्या. त्या उंबऱ्याबाहेर, शेडपासून दोन हात दूर उभ्या होत्या. "मी आता पाव्हणी. या साडीत तं मी आत पायबी ठेवत नाही."

मला वाटलं, आता त्या माझ्याकडे पाहतील. त्यांनी पाहिलं नाही. गुच्छ या हातातून त्या हातात घेतला, शालीची घडी सारखी केली आणि यजमानांना म्हणाल्या, "तुमाले समोसा भेटला का?" त्यांच्या चष्म्याच्या काचांत निंबाची पानं हलत होती. त्यांचा एक पाय मात्र, चमकदार साडीच्या काठाखालून दिसणारा, जमिनीवर घट्ट रोवलेला होता.

गंगाधरभाऊ पोत्याखाली वाकलेला, मान वर करून आता माझ्याकडे पाहत होता. नीरज सरांनी खिशातून मोबाईल काढला होता आणि ते काहीतरी वाचत होते. माझं काय उत्तर येणार याची त्यांना खात्री होती. आतापर्यंत ते एकदाही चुकले नव्हते. मी एक पाऊल पुढे होऊन दारात, बरोबर मध्ये उभी राहिले.

"ढेप आत जाणार नाही, सर," मी म्हणाले. "ट्रकवाल्याला तुम्ही सांगता, की मी सांगू?"